बुच्चय्याचं पालथं घर

साखर पेठेतल्या बुच्चय्याला कुणी म्हणालं, की हा कागद तुला कळायचा नाही, की झालंच मग. दिवसभर मागावरचा धोटा आपटत बसायचा आणि संध्याकाळी ताटावरून उठायचा. वास्तविक अक्षर म्हणून त्याला एक येत नव्हतं, ना मराठी ना तेलुगू. पण नक्षीचा चौकटीचा कागद पुढं टाका, गडी नुसती नजर फिरवायचा. भरलेली चौकट तिथं धागा वर, रिकामी तिथं धागा खाली, असं करत मोर म्हणा, कोयरी म्हणा, कमळ म्हणा, काठात उतरवून मोकळा. त्यामुळं जगात जे जे कागदावर काढलेलं आहे ते सगळं आपल्याला वाचता येतं, अशी त्याची ठाम समजूत होती. आणि एकदा बसलेली समजूत बुच्चय्याच्या डोक्यातून काढायला ब्रह्मदेव आला असता तरी त्यानं हात टेकले असते.

तो विणायचा सिद्धारामच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे काय, एक लांबलचक पत्र्याची शेड, तीत ओळीनं हातमाग आणि मागांच्या पाठीमागं विणकरांचे संसार. बुच्चय्याचाही संसार तिथंच, पोत्याच्या पडद्याआड. त्याची बायको काशम्मा. बाई शांत, कामाला वाघ, नवऱ्याकडं कधी काही मागितलं नाही. पण लग्नापासून एक सल तिच्या मनात होता. तिला स्वतःचा उंबरा नव्हता. तेलुगू बायकांचं सकाळचं पहिलं काम कुठलं, तर दारात सडा टाकून मुग्गू घालायचा. मुग्गू म्हणजे रांगोळीच, आधी ठिपके मांडायचे आणि मग त्यांच्याभोवती रेघ फिरवायची. काशम्माच्या आईच्या दारातला मुग्गू बघायला बायका गल्ली ओलांडून येत. आणि काशम्मानं कारखान्याच्या दारात घालावा, तर विणकर, हमाल, सूतवाले सगळे त्यावरून तुडवत जायचे. चारदोनदा घातला, मग तिनं नाद सोडला. भाकरी थापताना हात तेवढे पिठात उगाच ठिपके मांडत बसायचे.

इंग्रजांनी गावावर लादलेला मार्शल लॉ उठला त्याच्या पुढच्या वर्षी तिची मूलबाळ नसलेली मावशी वारली आणि मावशीची जागा तिच्या नावावर आली. जागा म्हणजे एक चिंचोळी पट्टी. पूर्वेला गल्ली. आणि पश्चिमेला, नशीब बघा, सिद्धारामच्याच कारखान्याची मागची भिंत, मध्ये माणसानं अंग चोरून जावं एवढा बोळ. त्या रात्री काशम्मा नवऱ्याशी बोलली. दोघं घरात तेलुगूच बोलायची, पण आपण मराठीत ऐकू.

"घर ल्हान असू द्या. दार तेवढं गल्लीकडं पायजे. माज्या दारात मला मुग्गू घालायचाय."

बायकोनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. बुच्चय्या उठून बसला. घर पडलं तरी चालेल पण दार गल्लीकडंच, असा त्यानं शब्द दिला. शब्द देताना तो काय बोलून गेला हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

घर बांधायचं तर आधी नगरपालिकेच्या कचेरीत नकाशा द्यावा लागे. गवंडी नबीसाब म्हणाला, काळजी नको, माझा मेव्हणा बंदेनवाज गिरणीत नकाशेच काढतो. बंदेनवाज आला. कानावर पेन्सिल, बोटं शाईनं निळी, माणूस गोड आणि समजावून सांगायची भारी हौस. बुच्चय्यानं पहिलीच अट घातली, की नकाशा माझ्याच चौकटीच्या कागदावर काढायचा. साधा कागद लबाड असतो, त्यावर कुणीही काहीही ओढावं, असं त्याचं म्हणणं. बंदेनवाज हसून हो म्हणाला.

काशम्मा त्या वेळी वांगी चिरत होती. बंदेनवाजनं तिच्या पुढ्यातलं एक वांगं उचललं आणि धडा सुरू केला. हे वांगं आपण समोरून बघतो, देठ वर, बूड खाली, हे झालं घराचं समोरचं चित्र. आता मधोमध आडवं कापा आणि वरनं बघा, गोल दिसेल, हा झाला प्लॅन. म्हणजे घराचं छप्पर उचलून बाजूला ठेवलं आणि वरनं डोकावलं. आणि उभं चिरून आतली बाजू बघितली, तर ते झालं सेक्शन. घर बांधायच्या आधीच हा माणूस त्याचं छप्पर काढतोय आणि वर ते उभं चिरतोय, हे बघून काशम्माला धडकीच भरली. तिनं लगेच मनातल्या मनात देवाला नारळ बोलला.

"आणि ही ठिपक्यांची रेघ?" तिनं भीतभीत विचारलं. ठिपके म्हटल्यावर तिला राहवलं नाही.

बंदेनवाज खूश झाला. म्हणाला, भाभी, वांग्यात कीड हाय, पण बाहेरनं दिसत नाय. हाय हे तर आपल्याला म्हाईत हाय. मग ती कीड ठिपक्यांनी काढायची. "ठिपके म्हंजे वस्तू हाय, पर दिसत नाय."

काशम्मानं ते वांगं बाजूला ठेवलं आणि वाक्य मनात ठेवलं. बुच्चय्या मात्र हे काहीच ऐकत नव्हता. तो कागदावरच्या चौकटी मोजत, मान हलवत बसला होता. बंदेनवाजनं विचारलं, समजलं का? तो म्हणाला, समजायचं काय त्यात, काठ सोपा आहे.

नकाशा छान झाला होता. कागदाच्या उजव्या हाताला पूर्व, तिथं भिंतीत मोकळी जागा सोडून दार. डावीकडं कारखान्याकडची भिंत, सलग. कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण. भिंतींच्या कडेनं मापांचे बाण. आणि मागाच्या खोलीत ठिपक्यांनी एक माळा, कारण माळा डोक्यावर असतो, प्लॅनमध्ये दिसत नाही. एक प्रत कचेरीत मंजूर झाली, दुसरी बुच्चय्याच्या हातात आली, आणि बंदेनवाज उरुसाला गुलबर्ग्याला गेला. तिथं त्याला हिवतापानं धरलं आणि तो तिथल्या दुसऱ्या बहिणीकडंच पडून राहिला. तो गावात असता तर ही गोष्ट झालीच नसती.

आता नबीसाबची अडचण अशी, की त्याचे हात सदा चुन्यात. कागद आठवड्यात विरघळेल, म्हणाला. बुच्चय्याला तेवढंच हवं होतं. कागद विरघळतो, कापड विरघळत नाही, असं म्हणून त्यानं मागाच्या फावल्या वेळात नकाशा विणायला घेतला. पांढऱ्या जमिनीवर निळ्या धाग्यानं, एकेक धागा बोटानं उचलून. कारखान्यातले विणकर जमा होऊन बघत. असला पदर कुणी जन्मात बघितला नव्हता. मापांच्या बाणांचा तर असा काठ साधला, की सिद्धाराम म्हणाला, या काठाची लुगडी काढू. ठिपक्यांचा माळा बुच्चय्यानं पदरावरच्या बुट्ट्या समजून सगळीकडं सारखा पसरून टाकला. अक्षरं गाळली, ती त्याला घाण वाटली. आणि उत्तरेचा बाण एकाच कोपऱ्यात बघून त्याचा जीव कासावीस झाला. काठ कधी एका बाजूला असतो का? त्यानं दुसऱ्या कोपऱ्यातही एक उत्तर विणली. आता घराला दोन उत्तरा झाल्या.

पण खरी मेख वेगळीच होती. हातमागावर असलं कापड पालथं विणतात. विणकराला वर दिसते ती मागची बाजू, आणि मागावरून उतरवून उलटवलं की खरी बाजू वर येते. उलटवलं की डावं उजवीकडं जातं. हे बुच्चय्याला माहीत नव्हतं असं नाही. पण लुगड्याला दोन काठ, एकमेकांसमोर, दोन्ही सारखे. मोर इकडं बघतोय की तिकडं, याची फिकीर त्याला आयुष्यात कधी पडली नव्हती. डावं आणि उजवं हा फरक त्याच्या धंद्यात नव्हताच. त्यानं कागद बघून वर दिसेल तसा नकाशा विणला, कापड उतरवलं, उलटवलं, सुलट बाजू वर करून नबीसाबच्या हवाली केलं. आणि कागदात तंबाखू बांधली. विणून झालेल्या नक्षीचा कागद कोण जपतो?

नबीसाबनं कापड खांबाला बांधलं आणि पाया काढला. त्याला पहिल्याच दिवशी शंका आली, की दार कारखान्याकडं कसं? पण बुच्चय्यानं त्याला असा झाडला, की विचारू नका. कापडात आहे ना? मग एक धागाभर इकडं तिकडं झालं तर बघ. नबीसाब म्हातारा माणूस, त्यानं कानाला हात लावला आणि कापडाप्रमाणं भिंत चढवायला लागला. बुट्ट्या दिसल्या तिथं तिथं त्यानं भिंतीत खुंट्या ठोकल्या. घरभर खुंट्या.

काशम्मा डबा घेऊन आली आणि बघते तर गल्लीच्या बाजूला भिंत कमरेला आलेली, सलग. संध्याकाळी तिनं नवऱ्याला हात धरून नेलं आणि दाखवलं. बुच्चय्यानं भिंतीकडं बघितलं, कापडाकडं बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते अजून पेठेत सांगतात. वेड्या माणसाला समजूत घालावी तसा तो तिला म्हणाला,

"अगं, घर अजून मागावर हाय. आत्ता पालथंच दिसणार. उतरू दे की. उतरल्यावर सरळ होतंय."

आणि हे तो थट्टेनं बोलत नव्हता हो. त्याचा खरंच विश्वास होता. जन्मभर हातातली प्रत्येक वस्तू आधी पालथी दिसली आणि पुरी झाल्यावर सरळ झाली, मग घरानंच काय घोडं मारलंय? काशम्मानं विचारलं, घर उलटवणार कोण? तो म्हणाला, नबीसाबला माहीत असेल, त्याचा धंदा आहे. नबीसाबला विचारलं तर तो म्हणाला, मालकाला माहीत असेल, त्याचं कापड आहे. काशम्मानं विषय सोडून दिला. नवऱ्याच्या हुशारीवर तिचा विश्वास होता, आणि तीच तिची चूक झाली.

भिंती चढल्या, वर मातीचं माळवद झालं, चौकट बसली, चुन्याचा हात फिरला. वास्तुशांतीच्या दिवशी बुच्चय्या नवीन धोतर नेसून गल्लीत उभा राहिला, घर कधी सरळ होतंय याची वाट बघत. पाहुणे आले ते सलग भिंतीसमोर ताटकळले. शेवटी एकेकाला अंग चोरून बोळातनं आत घ्यावं लागलं. एक जाडजूड चुलता बोळात अडकला, त्याला दोघांनी पुढून ओढला आणि दोघांनी मागून रेटला. दिवस मावळला, घर होतं तसंच. तेव्हा कुठं बुच्चय्याच्या डोक्यात उजेड पडला.

काशम्मानं आदळआपट केली नाही. ती फक्त समोर आली आणि म्हणाली, "उतरलं की आता. उलटवा."

त्यापेक्षा तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता नव्या घराचं सुख बघा. दार उघडलं की समोर कारखान्याची भिंत, आणि बरोब्बर दारासमोर कारखान्याची खिडकी. त्या खिडकीत सिद्धाराम. पहाटे बुच्चय्यानं डोळे उघडायच्या आत सिद्धाराम खिडकीतनं हाक मारायचा. सुताच्या लडी खिडकीतनं सरळ बुच्चय्याच्या घरात यायच्या, त्या टांगायला खुंट्या होत्याच. ज्या कारखान्यातनं सुटायला घर बांधलं, तो कारखाना हात लांबवून घरात आला. बोळात मुग्गू घालायला काशम्मा वाकली तर तिची पाठ कारखान्याच्या भिंतीला घासायची. तिनं एकदाच प्रयत्न केला.

बुच्चय्या रोज झुरायला लागला. भिंत फोडून गल्लीकडं दार काढावं, तर मंजूर नकाशाशिवाय वीटही हलवायची नाही, असा कायदा. मग एक दिवस कचेरीचा ओव्हरसियर घर तपासायला आला. बुच्चय्याला हायसं वाटलं. साहेब चूक पकडेल, गल्लीकडं दार पाडायला सांगेल, आपण लगेच पाडू.

ओव्हरसियरचं धोतर पांढरंशुभ्र आणि बोळात ओला चुना सांडलेला. बोळात शिरायला तो तयारच होईना. म्हणाला, तुमचा नकाशा आणा, माझ्या नकाशाशी ताडून बघतो. बुच्चय्यानं गल्लीत दोरी बांधली आणि कापड टाकलं. टाकलं ते असं, की सुलट बाजू घराकडं आणि पालथी गल्लीकडं. ओव्हरसियर गल्लीत उभा. त्यानं आपला कागद कापडाशेजारी धरला. इकडं उजवीकडं दार, तिकडं उजवीकडं दार. धाग्यांची टोकं लोंबत होती, उत्तर एक जास्त होती, पण घर तंतोतंत. तो म्हणाला, बरोबर आहे. आणि सही केली.

बुच्चय्या हात जोडून म्हणाला, साहेब, बरोबर नाही, दार उलट्या बाजूला झालंय, मला गल्लीकडं दार पाडायची परवानगी द्या. ओव्हरसियरनं पुन्हा कागद बघितला.

"गल्लीकडं दार आहेच की. असलेलं दार पुन्हा पाडायची परवानगी कशी देऊ?"

बुच्चय्यानं भिंत दाखवली. साहेबानं कागद दाखवला. बुच्चय्यानं भिंतीवर हात आपटला. साहेब म्हणाला, मी नकाशा तपासायला आलोय, तो तपासला. आणि छत्री उघडून चालता झाला. बुच्चय्या कितीतरी वेळ कापडाच्या एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला जाऊन उभा राहत होता. या बाजूनं काशम्माचं दार होतं. त्या बाजूनं सिद्धारामची खिडकी. सगळं आयुष्य कापड विणलं आणि त्याला दोन बाजू असतात हे त्याला त्या दिवशी कळलं. त्याला रडू आलं, आणि गल्लीत माणसं होती म्हणून त्यानं तोंड कापडात घातलं.

पुढची गोष्ट सकाळची. बुच्चय्याला जाग आली ती गल्लीतल्या बायकांच्या बोलण्यानं. काशम्मा घरात नव्हती. तो बोळातनं वळसा घालून गल्लीत आला. काशम्मा तांदळाच्या पिठाची वाटी घेऊन भिंतीसमोर उभी होती. सलग भिंतीवर तिनं ठिपके काढले होते. खालून वर, वरून आडवे, पुन्हा खाली. ठिपक्यांचं एक दार, माणूस जाईल एवढं. आणि त्याच्या पायाशी जमीन सारवून मुग्गू घातला होता, तिच्या आईचा, गल्लीभर पसरलेला.

बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. कुणीतरी विचारलं, अगं काशम्मा, दार कुठं आहे, मुग्गू कुणाच्या दारात? काशम्मा नवऱ्याकडं न बघता बोलली.

"बंदेनवाजभाऊ सांगत न्हवते व्हय? ठिपके म्हंजे वस्तू हाय, दिसत न्हाय. माजं दार हाय. कागदावर हाय, साहेबाची सही हाय. दिसत न्हाय, एवढंच."

एक बाई फसकन हसली, आणि काशम्माचा चेहरा बघून मागं सरकली. बुच्चय्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती त्या बाईवर नाही, काशम्मावर नाही, कचेरीवरही नाही, स्वतःवरच. तो नबीसाबच्या घरी गेला, पहार उचलली आणि बोळातनं घरात शिरला. गल्लीतनं फोडावं तर मुग्गूवर उभं राहावं लागलं असतं, म्हणून आतनंच फोडायचं ठरवलं.

भिंतीपुढं येऊन त्यानं पहार उगारली आणि तो थांबला. बाहेरून ठिपके भिंतीच्या मध्यापासून जरा डावीकडं होते. आतनं डावं म्हणजे कुठलं? पुन्हा तेच. पूर्वी असता तर त्यानं कपाळावर आठीही न आणता भलतीच भिंत फोडली असती. आता त्यानं पहार खाली टेकली आणि भिंतीला तोंड लावून हाक मारली.

"काशम्मा, मला कळत न्हाय गं. तू भायरनं ठोक. जितं ठोकशील तितं फोडतो."

मला कळत नाही, हे बुच्चय्याच्या तोंडून निघालेलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. मग भिंतीतनं हलकी टकटक आली, एकेका ठिपक्यावर, खालून वर. बुच्चय्या कान लावून आतनं कोळशाची खूण करत गेला, वरून आडवा, पुन्हा खाली. ठिपके पुरे झाल्यावर त्यानं तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि दुपारपर्यंत पहार चालवली. ढेकळं तो आतल्या बाजूला ओढत होता, मुग्गूवर पडू नयेत म्हणून.

भोक पडलं, मोठं झालं, दार झालं. वेडंवाकडं, चौकट नाही, ओळंब्याला नाही, पण दार. पलीकडं काशम्मा होती, तोंडावर चुना, हात पिठाचे, डोळ्यांत पाणी. बुच्चय्या घामानं निथळत दारात आला आणि गल्लीत पाऊल टाकणार, एवढ्यात तिनं हात आडवा केला.

"मुग्गूवर पाय ठिवू नगा."

त्यानं उचललेलं पाऊल मागं घेतलं.

कचेरीतनं पुन्हा कुणी आलं नाही, आणि आलं असतं तरी दार कागदावर होतंच. काशम्मा रोज पहाटे उठायची, नवऱ्याच्या आधी, सिद्धारामच्या हाकेच्या आधी, आणि मुग्गू घालायची. बुच्चय्या कामावर निघायचा तेव्हा मुग्गू अजून ओला असायचा. त्यामुळं तो मरेपर्यंत बोळातल्याच दारानं गेला-आला, अंग चोरून, जे दार कुठल्याही कागदावर नव्हतं. जाताना मात्र बोळाच्या तोंडाशी येऊन वळायचा, गल्लीतनं घरापुढं यायचा, मुग्गू नीट बघायचा, आणि उलटा फिरून कारखान्यात जायचा.